आगभिंतीतली खिडकी

साहेब, तुम्ही खोटं बोलताय.

तुम्ही पेपरात चौकट छापून आणलीत. आमच्या बँकेची फायरवॉल भक्कम होती, खातेदारांनीच निष्काळजीपणा करून चोरांना वाट दिली, असं त्या चौकटीत म्हटलंय. माझं नाव, माझा खातेक्रमांक, माझ्या वारलेल्या बायकोचं माहेरचं नाव, सगळं एका भामट्याला तोंडपाठ होतं. फोनवर त्यानं ते मला घडाघडा म्हणून दाखवलं, वर "काका, बरोबर ना?" असंही विचारलं. मी कोणाला काही दिलं नव्हतं. माझ्याकडे बटणांचा फोन आहे, त्यात द्यायघ्यायची सोयच नाही. आणि तुम्ही म्हणता भिंत भक्कम होती!

भिंतीचं मला सांगू नका. शाळा मी चौथीत सोडली, पण आगभिंत कशाला म्हणतात ते मी तिला पाठ टेकून शिकलोय. ऐका.

भिवा गवंडी आमच्या दोन दुकानांमधल्या भिंतीचा शेवटचा थर लावत होता, तेव्हा पलीकडून छगनमामा ओरडला, "अरे भिवा, जिवंत गाडतोयस का मला?"

"गाडायला काय झालं मामा? तुम्ही तुमच्या दुकानात, इस्माईलभाई त्यांच्या दुकानात."

"मग मला इस्माईल दिसत का नाही?"

"आगभिंत आहे ही. माणूस दिसायला लागला तर आगभिंत कसली?"

"आगीला नको दिसू दे. मला काय म्हणून?"

इस्माईल म्हणजे मी. नांदखेड्याच्या जुन्या पेठेत माझं गादीचं दुकान होतं. आम्ही पिंजारी. माझा बाप जन्मभर खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरला, दारात टणटण वाजवून लोकांच्या जुन्या गाद्या पिंजत आला. घराण्यात छपराखाली बसून धंदा करणारा पहिला माणूस मी. आणि माझ्या शेजारी कोण, तर छगन भडभुंजे. दिवसभर भट्टी पेटलेली, वर भली मोठी कढई, कढईत तापलेली वाळू आणि वाळूत तडतडणारे फुटाणे. भट्टीला जळण तुराट्यांचं आणि भुश्शाचं. तिच्या ठिणग्या उडायच्या आणि माझा कापूस उडायचा. दोघांच्या मध्ये होत्या फळ्या, आणि त्या फळ्यांना एवढ्या फटी, की मामाला शिंक आली तर माझ्याकडची रुई हलायची.

छगनमामा कोणाचाच मामा नव्हता, म्हणून अख्ख्या पेठेचा होता. त्यामुळे मी भाचा.

मग शेजारच्या गल्लीत एक दुकान जळलं आणि नगरपालिकेला जाग आली. फर्मान निघालं. जिथे भट्टीशेजारी कापूस, कागद नाहीतर रॉकेल आहे, तिथे मध्ये पक्क्या विटांची आगभिंत बांधायची. जमिनीपासून छपराच्या वर हातभर. तिला एकही भोक नको. नसेल तर दुकानाला सील. फर्मान चांगलं होतं, मी आजही म्हणतो. आग एकीकडे लागली तर तिकडेच जळून मरावी, शेजाऱ्याला तिची खबर पुढच्या दारानं कळावी, एवढंच त्या भिंतीचं काम. मला तर ती हवीच होती. तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या सगळ्या गाद्या मला मिळाल्या होत्या. तेवढं काम नीट गेलं असतं तर छप्पर माझं. दुकानाला सील लागलं असतं तर पुन्हा पिंजण खांद्यावर आणि टणटण.

भिंत झाली. प्लॅस्टर झालं. दोन दिवस मी सुखात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंत बोलली, "भाच्या, चहा."

मी दचकून मागे बघितलं. कमरेच्या उंचीवर एक वीट गायब होती, आणि त्या जागी एक हात आणि हातात बशी.

"मामा! काय केलंत हे?"

"तुझ्या वाटणीचा चहा निवतोय, घे आधी."

आमची जुनी रीत होती ती. हॉटेलातून एक चहा यायचा, मामा त्याचे दोन भाग करायचा आणि फळीच्या फटीखालून माझी बशी सरकवायचा. पूर्ण चहा पिणारा माणूस उधळ्या असतो असं त्याचं मत. भिंत झाल्यावर त्याला गटारावरच्या फळीवरून वळसा घालून यावं लागे, आणि त्याचे गुडघे कामातून गेलेले.

"मामा, साहेबानं बघितलं तर सील लावेल!"

"काय बघेल? वीट आहे की. चहा गेला की जागच्या जागी." त्यानं वीट परत बसवून दाखवली. खरंच कळत नव्हतं. "भिंतीला सांगितलंय मी, आग आली तर दार उघडू नको म्हणून."

"आणि भिंत ऐकते तुमचं?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

मी भांडलो. बशी हातात धरूनच भांडलो, तो भाग वेगळा.

पुढच्या आठवड्यात निमोणकर साहेब भिंत तपासायला आले. नगरपालिकेचे पाहणी अधिकारी. अंगानं ऐसपैस, गळ्यात घडी घातलेला रुमाल, आणि बोलणं असं, की प्रत्येक वाक्याखाली शिक्का मारलाय. मी मामाच्या विटेसमोर कापसाचं गाठोडं ठेवून त्यावर बसलो. साहेबांनी माझ्या बाजूनं भिंत बोटानं ठोकली. मान हलवली. मग बाहेर गेले, उन्हातून वळसा घातला, गटारावरची फळी त्यांच्या वजनानं कुरकुरली, तिकडून भिंत ठोकली. पुन्हा फळी, पुन्हा ऊन, पुन्हा माझ्याकडे. आले तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"भिंत उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण हिची तपासणी कशी करायची?"

"आत्ता केलीत की, साहेब."

"अशी नाही. अधिकाऱ्याला एका जागी उभं राहून दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. भिंतीत तपासणीची खिडकी हवी."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलो. साहेब हसले नाहीत, म्हणून मी थांबलो.

"साहेब, भिंतीला भोक नको असा नियम आहे ना?"

"अर्थात. एकही भोक नको."

"मग खिडकी?"

"खिडकी म्हणजे भोक नव्हे, पिंजारी. खिडकी ही सोय आहे."

"तिच्यातून आग नाही यायची?"

"कुलूप असेल तिला. किल्ली कार्यालयात असेल. आग काय किल्ली मागायला कार्यालयात येणार आहे?"

पलीकडून फुटाणे चाळण्याचा आवाज थांबला होता. मामा भिंतीला कान लावून उभा असणार.

भिवाला पुन्हा बोलावलं. तो छिन्नी हातोडा घेऊन आला, भिंतीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. ताजी भिंत फोडताना गवंड्याचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही बघितलेलं नाही.

"माप काय घेऊ, साहेब?"

"मला वाकून पलीकडे बघता आलं पाहिजे."

"मग वाका."

साहेब वाकले. भिवानं कोळशानं त्यांच्या डोक्याच्या आणि खांद्यांच्या भोवती भिंतीवर रेघ मारली. रेघ पुरी व्हायला बराच वेळ लागला. ती बंद झाल्यावर भिवा मागे सरकून म्हणाला, "इस्माईलभाई, एवढी जागा असती तर मी दारच बसवलं असतं."

खिडकीला झडप लागली ती खोक्याच्या फळ्यांची. नगरपालिकेच्या गोदामातून आली होती, वर अजून 'नाजूक माल' असं छापलेलं. मी म्हटलं, साहेब, लोखंडी पत्र्याची लावू का, माझ्या खर्चानं लावतो. तर म्हणाले, मंजूर नमुना लाकडी आहे. कुलूप मात्र पितळी, चांगलं जाड. ते मामाच्या बाजूला. किल्ली घेऊन साहेब गेले, आणि माझ्या भिंतीला प्रमाणपत्र मिळालं. चहाच्या विटेसाठी मी रात्रंदिवस जीव मुठीत धरून होतो, आणि तिच्यासारख्या पंधरा-वीस विटांची जागा साहेबांनी हातोड्यानं करून दिली.

त्यानंतर साहेबांची भिंतीवर माया बसली. दर शुक्रवारी दुपारी तपासणी. पेठेला एरवी महिन्यातून एकदा झाडूवाला दिसत नसे, पण माझ्या भिंतीला अधिकारी दर आठवड्याला भेटे. कारण एवढंच, की मामाचे गरम फुटाणे साहेबांना आवडायचे. पण भट्टीपाशी बसवेना. मग ते किल्ली लावून झडप उघडत. माझं दुकान उत्तरेला तोंड करून, तिथली गार झुळूक खिडकीतून साहेबांच्या मानेवर येई. रुमालानं मान पुसत, फुटाणे चघळत ते पोत्यावर बसून राहत.

"तपासणी चाललीये का, साहेब?" मी खिडकीतून विचारी.

"चालू आहे, चालू आहे. तू तुझं काम कर."

मामा एकदा म्हणाला, "साहेब, झुळूक तिकडून इकडे येते तोवर ठीक. वारा फिरला तर ठिणगी इकडून तिकडे जायची."

"वारा फिरला तर मला कळवा," साहेब म्हणाले.

वारा फिरला तो एका शुक्रवारी. मी मशिदीत होतो, नमाज झाली होती, चपला शोधत होतो. पेठेतून आरोळी आली. छगनमामाचा आवाज मी झोपेतही ओळखीन. "भाच्याऽऽ!" त्यात चहा नव्हता.

एका पायात माझी आणि एका पायात दुसऱ्याच कोणाची चप्पल घालून मी पळालो. वसतिगृहाच्या गाद्या मी खिडकीखालीच रचल्या होत्या. वरच्या गाद्या पेटल्या होत्या, बाकीच्या धुमसत होत्या. झडपेचं लाकूड वाजत जळत होतं. लोक बादल्या आणत होते, पण नळाला पाणी यायला अवकाश होता. आणि त्या सगळ्या धुरात छगनमामा, ज्याचे गुडघे कामातून गेले होते, मोठ्या डावानं कढईतली वाळू उपसून त्या जळत्या खिडकीतून माझ्या गाद्यांवर फेकत होता.

"मामा, वाळू तापलेलीये!"

"तापलेली असली तरी वाळूच आहे ना! आगीला काय चटका बसणार?"

वाळूबरोबर फुटाणेही येत होते. मी अलीकडून तीच वाळू घमेल्यानं पसरत होतो, पाय भाजत होते, तोंडातून काय शिव्या जात होत्या ते इथे लिहीत नाही. आग बसली. निम्म्या गाद्या गेल्या. उरलेल्यांत पुढे कितीतरी दिवस चणे सापडत होते, भाजलेले आणि खारे.

धूर निवळल्यावर मी विचारलं, "झडप उघडी कशी, मामा?"

"साहेब आले होते तपासणीला. फुटाणे खात होते. चौकात नगराध्यक्षांची जीप आली म्हणून कोणी सांगितलं, तसे तोंड पुसत धावले. मी भट्टीत तुराट्या सारत होतो रे. मान वर केली तर..." त्याच्या हाताची कातडी सोलली होती, तिच्याकडे बघत राहिला.

तासाभरात निमोणकर साहेब परत आले. मानेवर रुमाल, बरोबर दोन शिपाई. पंचनामा करायला तेच! पेठ जमली होती. साहेबांनी जळालेल्या खिडकीकडे एकदाही बघितलं नाही. ती एवढी मोठी होती, की तिच्याकडे न बघायला मान वाकडी करावी लागत होती, ती त्यांनी केली. मग कमरेच्या उंचीवर हात फिरवत गेले आणि मामाची वीट त्यांच्या हाताला लागली. हलली. त्यांनी ती ओढून काढली आणि वर धरली, जणू सापच पकडलाय.

"हे काय आहे?"

साहेब शिपायाकडे वळले.

"भिंतीला भोक! नियमाप्रमाणे एकही भोक नको, आणि इथे भोक! लिहा, दुकानदारांनी बेकायदा पाडलेल्या भोकातून आग पसरली. दुकान सील."

माझ्या डोळ्यांपुढे बापाचा खांदा आला. पिंजणाच्या दांड्याचा घट्टा पडलेला. मी म्हटलं, "साहेब, त्या विटेला काजळीसुद्धा नाही. भोकाच्या कडा पांढऱ्याफेक आहेत. हात घालून बघा."

"पिंजारी, आग कशी जाते ते तू मला शिकवू नको." मग ते मामाकडे वळले, आवाज एकदम गोड. "काय मामा, तुमच्या परवान्याची मुदत कधी संपते?"

"याच महिन्यात, साहेब."

"मग सांगा बघू पंचांना. भोक कोणी पाडलं?"

तिथे सगळं थांबलं. मामा 'इस्माईलनं' असं म्हणाला असता तर त्याचा परवाना वाचत होता, त्याची भट्टी वाचत होती. भोक त्याच्या बाजूनं पाडलं की माझ्या, हे बघायची साहेबांना गरजच नव्हती. मी मामाकडे बघितलं नाही. त्याला सोपं जावं म्हणून.

मामानं नाक शिंकरलं. धुराचं असेल.

"भोक मी पाडलं," तो म्हणाला. "चहासाठी. त्यातून बशी जाते. बशीपेक्षा मोठं काही जात नाही, मी घालून बघितलंय. आणि ही वर आहे ना, भोकापेक्षा मोठी, तिच्यातून तुम्ही जाता. तिचं माप तुमच्या डोक्यावरून घेतलंय. भिवा, आहेस का रे? माप कोणाचं?"

"साहेबांचं," गर्दीतून भिवा म्हणाला. "कोळसा निम्मा झिजला होता माझा."

पेठ हसायला लागली. साहेबांचे कान लाल झाले. "खिडकी बंद होती! कुलूप होतं तिला!"

मामा आत गेला, पोत्यांमागे हात घातला आणि पितळी कुलूप घेऊन आला. उघडं. आणि किल्ली त्यातच.

"हे घ्या. तुम्ही म्हणाला होतात, आग किल्ली मागायला कार्यालयात येणार आहे का. नाही आली बिचारी. तुम्हीच घेऊन आलात."

आता सांगतो साहेबांनी काय केलं. इथे गोष्टी सांगणारे लोक साहेबांना मान खाली घालायला लावतात, जिल्ह्यातून मोठा साहेब आणतात आणि न्याय करून मोकळे होतात. निमोणकरांनी ते कुलूप मामाच्या हातातून घेतलं, "कार्यालयाची मालमत्ता" असं म्हणाले, खिशात घातलं, आणि शिपायाला म्हणाले, "लिहा पुढे."

दोन्ही दुकानांना सील लागलं. मामाचा परवाना गेला. वसतिगृहाचं काम दुसऱ्याला गेलं.

पोट मात्र सील करता येत नाही. मामानं पेठेच्या रस्त्यावर उघड्यावर भट्टी मांडली. मी बापाचं पिंजण माळ्यावरून काढलं, पण गावोगाव गेलो नाही. मामाच्या भट्टीशेजारीच बसलो. त्यानं चहा मागवला, दोन भाग केले. मध्ये भिंत नाही, फळी नाही, काही नाही. एकीकडे ठिणग्या, एकीकडे कापूस, आणि वरून साहेबांच्या कागदात आगीचा धोका कायमचा दूर झालेला. साहेब रस्त्यानं जाताना तोंडाला रुमाल लावून दुसरीकडे बघत. फुटाणे मागायचं मात्र त्यांनी सोडलं नाही, शिपाई पाठवत.

"देताय कशाला, मामा?"

"विकतोय रे. दुप्पट भावानं. तपासणी चार्ज."

मला तेव्हा लिहायला फारसं येत नव्हतं. दुकानांच्या पाट्या वाचून आणि पुड्यांचे कागद वाचून जे आलं, त्यावर मी अर्ज लिहिला. एकच वाक्य: खिडकी कोणी मागितली होती? उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिला. हळूहळू अर्ज लांबत गेले आणि लोक म्हणायला लागले, इस्माईलभाई लेखक झाले. निमोणकर बढती घेऊन बदलून गेले. मामा एका पावसाळ्यात गेला. नगरपालिकेनं नंतर नियम सुधारला, आणि हसू नका, सुधारणा अशी, की सुट्या विटांना सक्त मनाई. तपासणीच्या खिडकीवर एक शब्द नाही.

तर परवा भामट्याचा फोन आला आणि मग तुमची चौकट वाचली, तेव्हा मी माझ्या नातीला विचारलं. नाझनीन पुण्याला कॉम्प्युटरचंच काम करते, सुट्टीला घरी आली होती. म्हटलं, बेटा, ही फायरवॉल काय भानगड आहे? चित्रात तर विटांची भिंत पेटलेली दाखवतात. पेटलेली भिंत म्हणजे भिंत नव्हे, पंचनामा झाला.

ती हसली. "नाना, चित्र काढणाऱ्यांना कळलेलं नाही. फायरवॉल म्हणजे आगीची भिंत नाही, आग अडवणारी भिंत. शब्द मुळात बांधकामाचा. इमारतीत एका बाजूची आग दुसरीकडे जाऊ नये म्हणून बांधायचे, ती. मग मोटारींत आणि विमानांत इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याला तेच नाव पडलं. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला लागले, तेव्हा एकाचं दुखणं दुसऱ्याला लागू नये म्हणून मध्ये जे ठेवलं, त्याला आमच्या लोकांनी तोच शब्द लावला. काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं, ते ती ठरवते."

भिवा गवंड्याचा शब्द. पार पुण्यापर्यंत पोचलेला.

"आणि हिला भोकं असतात?"

"थोडी ठेवावी लागतात नाना, नाहीतर काम कसं चालणार? ती माहीत असतात, त्यांच्यावर लक्ष असतं. पण घोळ त्यांच्यामुळे क्वचित होतो."

"मग कशामुळे होतो?"

तिनं इकडे तिकडे बघितलं, घरात आमच्याशिवाय कोणी नसताना. "मोठ्या साहेबांना घरी बसून सगळं बघायचं असतं. त्यांना रोजचे सोपस्कार नको असतात. मग ते सांगतात, माझ्यासाठी एक वेगळी वाट ठेवा. आम्ही नको म्हणतो. ते म्हणतात, ही सोय आहे."

मी उठून खिडकीपाशी गेलो आणि इतका हसलो, की पोरगी घाबरली. मग मी हा कागद घेतला.

तेव्हा साहेब, चौकटी छापणं बंद करा. मी निष्काळजी, माझ्यासारखे हजारो म्हातारे निष्काळजी, हे तुमच्या पंचनाम्यात लिहून झालेलं आहे, ते मी वाचलं. तुमच्या भिंतीत तुमच्यातल्याच कोणासाठी तरी वाट ठेवली होती, ती कोणी मागितली, आणि आमची घरं त्या वाटेनं लुटली जात होती तेव्हा तो माणूस कुठे बसला होता? कार्यालयाचा शिक्का नको, कलम नको. माणसाचं नाव सांगा. मी वाट बघतोय.